झूम किती एक्स ते सोडा, चेहरा किती पिक्सेलचा येतो ते बघा

सीसीटीव्ही कॅमेरा घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण मला हेच विचारतो, की हा १६एक्स झूमवाला घेऊ का तो ४एक्सवाला, आणि मी उलट विचारतो की १६एक्स कुठला, ऑप्टिकल का डिजिटल, तर म्हणतात ते काय माहीत नाही, बॉक्सवर १६एक्स लिहिलंय. सगळा घोळ इथंच आहे. झूमचा आकडा बॉक्सवर ठळक असतो आणि तो कुठल्या प्रकारचा आहे हे कुठंतरी बारीक अक्षरात, किंवा नसतंच, आणि या दोन प्रकारांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. डिजिटल १६एक्सपेक्षा ऑप्टिकल ४एक्स कितीतरी पुढं असतो.

मी कॅमेरे बसवायचं आणि गरज पडली की फुटेज काढून द्यायचं काम करतो. त्यामुळे हा विषय मला अगदी आतून महत्त्वाचा वाटतो, कारण माणूस काहीतरी चोरीला गेल्यावर फुटेज बघायला बसतो तेव्हा त्याची सगळी आशा त्या स्क्रीनवर असते, मी झूम करत जातो, तो म्हणतो अजून करा, अजून करा, आणि एका टप्प्यानंतर समोर नुसते करडे चौकोन उरतात. त्या वेळी काहीच करता येत नाही. जे करायचं ते कॅमेरा घेताना आणि लावतानाच करावं लागतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आत काय होतं ते. ऑप्टिकल झूममध्ये लेन्सच्या आतल्या काचा खरोखर पुढंमागं सरकतात, फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा) वाढते, कॅमेऱ्याला दिसणारा कोन अरुंद होतो आणि सेन्सरचे, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचे, सगळेच्या सगळे पिक्सेल त्या अरुंद भागाला मिळतात. म्हणजे लांबची वस्तू जवळ तर येतेच, शिवाय तिच्यातलं जे आधी सेन्सरपर्यंत पोचतच नव्हतं ते आता पोचतं. डिजिटलमध्ये लेन्स जागची हलत नाही. आलेल्या चित्राचा एक तुकडा कापायचा आणि तो स्क्रीनभर ताणायचा, मधल्या जागा सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलचे रंग बघून अंदाजाने भरतं. फुग्यावर पेनाने काहीतरी लिहून फुगा फुगवला तर अक्षरं मोठी होतात पण मजकूर तेवढाच राहतो, तसंच हे. ४के कॅमेऱ्याचं चित्र ३८४० बाय २१६० पिक्सेलचं असतं. २एक्स डिजिटल झूम केला की वापरात राहतात १९२० बाय १०८०, ४एक्सला ९६० बाय ५४०, आणि ज्या १६एक्सवर लोक भाळतात तिथं शिल्लक राहतात २४० बाय १३५. एवढ्याशा पिक्सेलमध्ये अख्खा स्क्रीन भरायचा म्हणजे काय दिसणार.

मग कॅमेरा पुरेसा आहे का नाही हे ठरवायचं कसं? यासाठी एकच माप लक्षात ठेवा, ज्या जागी माणूस येणार आहे त्या जागी एक मीटर रुंदीला किती पिक्सेल मिळतात. व्हिडिओ सर्व्हेलन्ससाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत याचे टप्पे दिलेत आणि कॅमेऱ्यांच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) डोरी, म्हणजे डिटेक्शन, ऑब्झर्व्हेशन, रेकग्निशन, आयडेंटिफिकेशन, म्हणून जो तक्ता दिसतो तो यावरूनच आलाय. कोणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल, तो काय करतोय, साधारण कसे कपडे आहेत हे बघायला साठ-बासष्ट, ओळखीचा माणूस ओळखू यायला १२५, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला २५०. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद धरतात, म्हणजे मीटरला २५० असले की चेहऱ्यावर ४० पिक्सेल पडतात. हा ४० चा आकडा डोक्यात पक्का बसवा, बॉक्सवरच्या एक्सपेक्षा याचा उपयोग जास्त आहे. उजेड वाईट असेल, माणूस तिरका चालत असेल तर ४० पण कमी पडतात, मी तर जिथं शक्य असेल तिथं ८० च्या आसपास जायचा प्रयत्न करतो.

आता हिशोब, अवघड काहीच नाही. अंतर गुणिले सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, की त्या अंतरावर कॅमेऱ्याला किती रुंद पट्टा दिसतो ते कळतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२.८ इंची सेन्सर असतो, त्याची रुंदी साधारण ५.६ मिलिमीटर. समजा गेट कॅमेऱ्यापासून १५ मीटरवर आहे. ४के कॅमेरा, नेहमीची २.८ मिलिमीटरची लेन्स, तर १५ मीटरवर ३० मीटर रुंद पट्टा दिसतो, ३८४० भागिले ३० म्हणजे मीटरला १२८ पिक्सेल, म्हणजे चेहऱ्यावर वीसेक. आता त्याच जागी साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा लावा पण लेन्स १२ मिलिमीटरची, पट्टा होतो ७ मीटरचा, १९२० भागिले ७ म्हणजे २७४, चेहऱ्यावर ४४ पिक्सेल. म्हणजे ४के च्या ८ मेगापिक्सेलच्या फक्त चौथा हिस्सा मेगापिक्सेल असलेला कॅमेरा गेटवरचा चेहरा दुपटीपेक्षा जास्त पिक्सेलमध्ये दाखवतो, निव्वळ लेन्समुळे. वाइड (रुंद कोनाची) लेन्स कडेला चित्र वाकवते त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडंतिकडं होतात, पण घ्यायच्या आधी अंदाज यायला एवढं पुरतं. आणि त्या ४के कॅमेऱ्यावर ४एक्स, ८एक्स, कितीही डिजिटल झूम मारा, चेहरा शेवटपर्यंत त्या वीस पिक्सेलचाच राहतो, फक्त प्रत्येक पिक्सेल मोठा दिसतो.

वीस पिक्सेलचा चेहरा जवळून बघितला की नक्की काय असतं सांगतो. डोळ्यांच्या जागी गडद आडवी पट्टी, नाकाची नुसती सावली, दाढी आहे का मास्क आहे हे नक्की सांगता येत नाही, चष्मा असेल तर कधी कळतो कधी नाही. त्यात परत कॉम्प्रेशन असतं, म्हणजे फाइल लहान करायला व्हिडिओ दाबणं. एच.२६४ या कॉम्प्रेशनच्या पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यावर काम होतं, म्हणजे वीस पिक्सेलचा चेहरा जेमतेम एका चौकोनापेक्षा थोडा मोठा, आणि हार्ड डिस्क जास्त दिवस पुरावी म्हणून बिटरेट (सेकंदाला किती डेटा साठवायचा तो आकडा) खाली आणलेला असेल तर चेहऱ्यातला उरलासुरला बारकावा सगळ्यात आधी जातो. एच.२६५ मध्ये तर ६४ पिक्सेलपर्यंतचे मोठे चौकोन वापरता येतात, फाइल लहान होते हे चांगलंच, पण बिटरेट फार दाबला की माणसाचा चेहरा आणि मागची भिंत एकमेकांत मिसळल्यासारखे दिसायला लागतात. तेव्हा ४के घेऊन बिटरेट २ एमबीपीएसवर ठेवणार असाल तर त्या ४के मधला बराचसा फायदा तिथंच संपला, आणि डिजिटल झूम तर पूर्णपणे याच फायद्यावर जगतो.

एवढं सगळं लिहिलं म्हणून डिजिटल झूम टाकाऊ आहे असं अजिबात समजू नका. त्याची एक गोष्ट ऑप्टिकलला कधीच जमत नाही, ती म्हणजे घटना घडून गेल्यावर झूम करणं. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही दोन दिवसांनी पण कुठल्याही कोपऱ्यात झूम करून बघू शकता, आधी डाव्या कोपऱ्यातला माणूस बघितला, मग परत मागं जाऊन उजवीकडची गाडी बघितली, कारण अख्खं दृश्य रेकॉर्ड झालेलं असतं. ऑप्टिकल झूम मात्र घटना घडायच्या आधीच तिकडं वळलेला पाहिजे, आणि जे चौकटीच्या बाहेर राहिलं ते कायमचं गेलं. म्हणून जवळच्या जागा, खोली, काउंटर, दारासमोरचा पॅसेज, जिथं माणूस तीन-चार मीटरच्या आत येतोच येतो, तिथं चांगल्या मेगापिक्सेलचा फिक्स (झूम न होणाऱ्या) लेन्सवाला कॅमेरा आणि लागला तर डिजिटल झूम, यापेक्षा जास्त काही लागत नाही. ४के आणि २.८ मिलिमीटर असेल तर साडेसात मीटरपर्यंत मीटरला २५० पिक्सेल मिळतात, तिथं ऑप्टिकलवर जास्तीचा खर्च करायचं काही कारणच नाही.

आणि डिजिटलमध्ये पण एक बरा प्रकार आहे, सेन्सर ८ मेगापिक्सेलचा पण बाहेर येणारं चित्र १०८०पी (१९२० बाय १०८०), मग कॅमेरा स्वतःच आतल्या आत कापून २एक्सपर्यंत झूम देतो आणि त्यात काही बिघडत नाही कारण तेवढे पिक्सेल खरोखर असतात. कापणं कॉम्प्रेशनच्या आधी होतं त्यामुळे ते चित्र ॲपमध्ये बोटांनी मोठं केलेल्या चित्रापेक्षा स्वच्छ असतं. फक्त एक जपा, काही कॅमेऱ्यांत असा झूम चालू राहिला की रेकॉर्डिंग पण कापलेलंच होतं, बाकीचा भाग नोंदलाच जात नाही.

आता पीटीझेड, म्हणजे फिरणारा आणि झूम होणारा कॅमेरा. याचं आकर्षण मला समजतं, २५एक्सचा म्हणजे ४.८ ते १२० मिलिमीटरचा पीटीझेड असला तर १०० मीटरवरचा माणूस २ मेगापिक्सेलमध्ये पण मीटरला ४०० च्या वर पिक्सेलने दिसतो, हे कुठल्याही डिजिटल झूमला स्वप्नात पण जमणार नाही. पण स्वतःला एक प्रश्न विचारा, त्या क्षणी तो कॅमेरा फिरवायला समोर कोण बसलेलं असेल? गार्ड चोवीस तास स्क्रीनसमोर असेल, मोठं मैदान, पार्किंग, गोदामाचं आवार असेल तर जरूर घ्या. कोणीच बसणार नसेल तर पीटीझेड बहुतेक वेळा दुसरीकडंच बघत असतो. टूर लावतात ना, सहा जागा आणि प्रत्येकीवर दहा सेकंद, म्हणजे प्रत्येक जागा मिनिटातली पन्नास सेकंदं बघितलीच जात नाही, आणि कुंपणावरून उडी मारायला पाच सेकंद पुरतात. ऑटो ट्रॅकिंग, म्हणजे हलणाऱ्या माणसामागं कॅमेरा आपोआप फिरणं, असतं, ते बऱ्यापैकी चालतं पण, एकाच्या मागं गेलं की दुसऱ्याकडं पाठ. म्हणून पीटीझेड लावला तरी त्याच्यासोबत अख्खी जागा दिसेल असा एक फिक्स वाइड कॅमेरा मी लावायला सांगतोच, तो कधीही मान वळवत नाही.

तर मग बहुतेक लोकांनी घ्यायचं काय, माझं स्पष्ट मत व्हेरिफोकल, म्हणजे फोकल लेंग्थ कमीजास्त करता येणाऱ्या लेन्सचा कॅमेरा. २.८ ते १२ मिलिमीटर ही रेंज सगळीकडं मिळते, म्हणजे ऑप्टिकल साधारण चारपट झूम, आणि हा झूम रोज वापरायसाठी नसतोच, एकदा बसवताना नीट लावायचा आणि विसरून जायचा. गेट, जिना, लिफ्टचं दार, अशा जागा शोधायच्या जिथून प्रत्येकाला जावंच लागतं, त्या दोन-तीन मीटरच्या पट्ट्यावर लेन्स घट्ट आवळायची, म्हणजे झूम वाढवून तेवढाच पट्टा चौकटीत घ्यायचा, म्हणजे जो येईल त्याचा चेहरा मोठा मिळणारच, मग बघायला कोणी असो नसो. आणि बाकी काय चाललंय, तो कुठून आला कुठं गेला, हे दाखवायला दुसरा एक वाइड कॅमेरा. एक महागडा सगळं करणारा कॅमेरा घेण्यापेक्षा ही दोन साध्या कॅमेऱ्यांची जोडी मला दहापैकी नऊ ठिकाणी बरी वाटते. व्हेरिफोकलमध्ये हाताने फिरवायचा आणि मोटराइज्ड असे दोन प्रकार येतात, हातवाल्यात शिडीवर चढून दोन बारके स्क्रू सैल करायचे, एक झूमचा एक फोकसचा, खाली कोणीतरी मोबाइल धरून थोडं डावीकडं, बस बस असं सांगणार. मोटराइज्ड खालूनच ॲपमधून लागतो, आत मोटरचा बारीक घर्र आवाज येतो, चित्र एकदा धूसर होऊन परत स्वच्छ होतं. कॅमेरा उंचावर असेल तर मोटराइज्डच घ्या, पुढं कधी गेटची जागा बदलली, मधे झाडाची फांदी आली तर परत शिडी लावायला लागत नाही.

घेताना एक्स बघायचाच नाही, मिलिमीटर बघायचे. एक्स म्हणजे फक्त मोठी फोकल लेंग्थ भागिले लहान. २.८ पासून सुरू होणारा ३एक्स ८.४ ला संपतो आणि ५ पासून सुरू होणारा ३एक्स १५ ला, दोन्हीवर ३एक्सच लिहिलेलं असतं आणि लांबचं दाखवण्यात जवळजवळ दुपटीचा फरक. डेटाशीटमध्ये ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूम अशा दोन वेगळ्या ओळी असतात त्या शोधा, आणि हायब्रिड झूम नुसतं लिहिलं असेल तर थांबा. दोन लेन्सवाले कॅमेरे येतात हल्ली, एक वाइड एक टेली (लांबचं जवळ दाखवणारी), दोन्ही फिक्स, मधला सगळा प्रवास डिजिटल. हे वाईट नसतात, त्या टेली लेन्सचे मिलिमीटर किती आहेत तेवढं बघून हिशोब करा म्हणजे झालं.

रात्रीचं मात्र वेगळंच असतं आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. झूम लेन्स जशी लांब करत जाल तशी ती बहुधा कमी प्रकाश आत घेते, वाइडला एफ १.६ असलेली लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) टेलीला एफ ३.२ झाली तर प्रकाश थेट एक चतुर्थांश. कॅमेरा मग शटर हळू करतो नाहीतर गेन वाढवतो, म्हणजे आलेला सिग्नल ताणून चित्र उजळ करतो, आणि गेन वाढला की चित्रात सगळीकडं मुंग्यांसारखे ठिपके. शटर १/२५ सेकंदावर आलं आणि माणूस नेहमीच्या चालीने, सेकंदाला १.४ मीटरने आडवा चालत गेला, तर तेवढ्या वेळात तो साडेपाच सेंटीमीटर सरकतो, म्हणजे चेहऱ्याच्या एक तृतीयांश रुंदीएवढा पुसला जातो. चाळीस काय ऐंशी पिक्सेल असले तरी ओळख पटणार नाही. १/१०० ला हेच सरकणं दीड सेंटीमीटरच्या आत येतं. म्हणून जिथं चेहरा पाहिजे तिथं झूमसोबत एक चांगला दिवा लावा, माझ्या अनुभवात दिव्याने जेवढा फरक पडतो तेवढा कॅमेरा बदलून सुद्धा पडत नाही. आयआरची (कॅमेऱ्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड दिव्यांची) रेंज पण त्या अंतराएवढी पाहिजे, ३० मीटरच्या आयआरवर ६० मीटर झूम करून काळोखच बघायला मिळतो. शिवाय आयआरच्या प्रकाशात फोकस थोडा सरकतो, दिवसा एकदम कडक दिसणारं चित्र रात्री मऊ पडतं, त्यामुळे फोकस रात्री तपासल्याशिवाय काम झालं असं मी धरत नाही. लांब लेन्सला खांबाची हलकी थरथर पण मोठी होऊन दिसते, ती भिंतीवर लावली तर बरी.

नंबर प्लेट वाचायची असेल तर त्यासाठी वेगळा कॅमेराच लावा, ऑप्टिकल, एका लेनवर आवळलेला, शटर १/५०० किंवा त्याहून जलद, नाहीतर हेडलाइटच्या झगमगाटात प्लेट नुसती पांढरी दिसते. त्या सेटिंगला रात्री बाकी सगळं काळं पडतं, म्हणून त्याच कॅमेऱ्यात माणसं पण दिसावीत ही अपेक्षा सोडून द्यावी लागते.

झूम चालत नाही अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी स्ट्रीम बघतो, कॅमेरा एकाच वेळी मोठ्या चित्राची मेनस्ट्रीम आणि लहान चित्राची सबस्ट्रीम पाठवतो. मोबाइलवर किंवा टीव्हीवर चार-नऊ-सोळा कॅमेरे एकत्र दिसतात ते सबस्ट्रीमवर असतात, ६४० बाय ३६० वगैरे, त्यावर झूम केला तर चेहरा दिसायचा प्रश्नच नाही. एचडी किंवा मेनस्ट्रीम निवडा आणि मग झूम करा. फुटेज काढताना पण मेनस्ट्रीमचंच काढा, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पुढं पाठवू नका.

एआयने फोटो क्लिअर करून देणारी ॲप्स आता भरपूर आहेत आणि त्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. वीस पिक्सेलच्या चेहऱ्यातून ते एकदम स्वच्छ चेहरा काढून देतं, पण डोळे, नाक, ओठ हे त्याने शिकलेल्या हजारो चेहऱ्यांवरून भरलेले असतात, त्या माणसाचे नसतात. तो चेहरा दुसऱ्याच कोणाशी जुळला तर एक निर्दोष माणूस अडकतो. मूळ फाइल जशी आहे तशी ठेवा, आणि असा बनवलेला चेहरा ग्रुपवर टाकून हाच तो म्हणू नका, कृपा करून.

उंचीचं पण सांगतो. कॅमेरा कोणी तोडू नये म्हणून लोक पार वर लावतात आणि मग खालून जाणाऱ्याच्या डोक्याचा वरचा भाग आणि टोपी रेकॉर्ड होते. तिथं ४०एक्स ऑप्टिकल असला तरी टोपीच मोठी दिसेल. चेहरा पाहिजे त्या कॅमेऱ्याने फार खाली वाकून बघता कामा नये, म्हणून एकतर उंची कमी करा नाहीतर कॅमेरा लांब नेऊन लेन्स वाढवा, आणि हे दुसरं फक्त ऑप्टिकलनेच जमतं.

लावून झालं की घरातल्या किंवा ऑफिसातल्या कोणालातरी रात्री त्या ठरलेल्या जागेवरून नेहमीच्या वेगाने चालायला लावा, एकदा टोपी घालून, एकदा नुसतं. मग लाइव्ह बघू नका, रेकॉर्डिंगमधून मेनस्ट्रीमची ती फ्रेम बाहेर काढा, कॉम्प्युटरवर उघडा आणि चेहऱ्याची रुंदी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत किती पिक्सेल येते ते मोजा. ४० च्या खाली आलं तर लेन्स अजून आवळा. मोटराइज्ड असेल तर लाइट जाऊन आल्यावर फोकस परत तसाच बसतोय का हे पण त्याच रात्री मेन स्विच बंद-चालू करून बघून घ्या.